कर्नलमध्ये लॉक आणि मेमरीचा क्रम: पहिला ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकलेल्या विद्यार्थ्याला सेमाफोर, पीटरसनची पद्धत (दोन थ्रेडपैकी एका वेळी एकालाच सामायिक कोडमध्ये आत सोडणारी) आणि जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांचे कोडे बहुधा पाठ असते. पुढे पवईत किंवा अंधेरीत नोकरीला लागल्यावर त्याच्या हाती एखादा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) राहून एखादे उपकरण चालवणारा कोड, दिला जातो, आणि शिकलेले व समोर दिसणारे यांचा मेळ बसत नाही. याचे कारण असे की, त्या शिकवणीत एक गृहीतक न सांगता धरलेले असते: ओळी ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने त्यांचे परिणाम सगळ्या कोअरना दिसतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये या वागणुकीला ‘सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी’ असे नाव देऊन तिची नेमकी व्याख्या केली. परंतु आज आपल्या लॅपटॉपमध्ये किंवा मोबाइलमध्ये असलेला प्रोसेसर ती आपणहून पुरवत नाही. पाठ्यपुस्तकातील पीटरसनची पद्धत जशीच्या तशी सी भाषेत लिहिली, तर साध्या इंटेल लॅपटॉपवरही ती कधीतरी दोन थ्रेडना एकाच वेळी आत सोडते.

दादरला रविवारी जमणाऱ्या आमच्या अभ्यासगटात नवीन मंडळींना ज्या क्रमाने हा विषय सांगतो, तोच क्रम येथे ठेवला आहे. उदाहरणे लिनक्स कर्नलची आहेत. सर्वत्र एकच धागा धरून ठेवावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे: क्रम हा नेहमी कोडच्या दोन ठिकाणांमधला करार असतो. एका बाजूची ओळ कितीही बारकाईने वाचली तरी ती बरोबर आहे की चूक, हे तेवढ्यावरून ठरत नाही. तिची जोडीदार ओळ शोधावीच लागते.

तयारी: कोणते यंत्र, कोणते कर्नल

सरावासाठी स्वतः बांधलेले कर्नल हवे, आणि त्यात ‘प्रूव्ह लॉकिंग’ आणि ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ हे दोन पर्याय चालू हवेत: पहिला लॉक घेण्याच्या क्रमातील चुका पकडतो, दुसरा थांबायला मनाई असलेल्या जागी कोड थांबू शकत असेल तर इशारा देतो. हे पर्याय कर्नलला संथ करतात, म्हणून ग्राहकाला द्यायच्या कर्नलमध्ये ते नसतात. पण शिकणाऱ्याने त्यांच्याशिवाय एक ओळही चालवू नये असे मला मनापासून वाटते. कर्नल क्यूईएमयू या नकली संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवले तर पुरते, लॅपटॉपच्या मूळ व्यवस्थेला हात लावावा लागत नाही.

त्याबरोबरच एखादा आर्म प्रोसेसरचा बोर्ड जवळ असावा. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रास्पबेरी पाय आणि तत्सम बोर्ड नवे-जुने दोन्ही मिळतात. विकत घेताना प्रोसेसर नीट विचारून घ्यावा. पाय ४ मध्ये कॉर्टेक्स-ए७२ चे चार कोअर आहेत आणि ते सूचना मागेपुढे करून चालवतात. पाय ३ मधील कॉर्टेक्स-ए५३ त्या मानाने सरळमार्गी आहे, त्यामुळे क्रमाच्या चुका पाहण्यासाठी पाय ४ जास्त उपयोगी पडतो. बोर्ड घेण्याऐवजी इंटेल लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये आर्मची नक्कल चालवली तर काय बिघडते, असा प्रश्न हमखास येतो. बिघडते ते असे की, नकली आर्मच्या सूचना शेवटी इंटेलच्याच सूचनांत रूपांतरित होऊन चालतात, त्यामुळे आर्मचा सैल क्रम तेथे दिसतच नाही. चुकीचा कोड तेथे दिवसभर बिनतक्रार चालेल.

आधी कागदावर: डेटा कोणता आणि त्याला हात लावणारे कोण

एक छोटे उपकरण डोळ्यांसमोर ठेवू. ते दर काही मिलिसेकंदांनी एक नमुना तयार करते आणि इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा इशारा) देते. तो इशारा येताच चालणारे फंक्शन, म्हणजे इंटरप्ट हँडलर, मेमरीत मॅप केलेल्या रजिस्टरमधून तो नमुना वाचून रांगेत टाकतो. एखादा प्रोग्राम रीड कॉल करून रांगेतील नमुने घेऊन जातो. आणि सिसएफएसमधील (कर्नलची माहिती व सेटिंग फाइलींच्या रूपात मांडणारी व्यवस्था) एका फाइलीत आकडा लिहून नमुन्यांचा वेग बदलता येतो.

कोड उघडण्यापूर्वी एका कागदावर डावीकडे प्रत्येक सामायिक गोष्ट लिहावी: रांग, रांगेचे पुढचे व मागचे टोक, वेगाची सेटिंग, उपकरण चालू आहे की बंद हे सांगणारी खूण. उजवीकडे त्या प्रत्येकीला कोण वाचतो, कोण बदलतो आणि तो कोणत्या स्थितीत चालत असतो ते लिहावे: प्रोसेसच्या वतीने, वर्कक्यूमधून (मागाहून करायच्या कामांची कर्नलची रांग), टायमरमधून की थेट इंटरप्टमध्ये. ड्रायव्हर काढून टाकणारे रिमूव्ह फंक्शनही या यादीत यायलाच हवे. नवखे लेखक नेमके त्यालाच विसरतात.

या कागदाचा आग्रह धरण्यामागे इतिहास आहे. १९९६ साली लिनक्स २.० मध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसरसाठी आधार आला, तेव्हा संपूर्ण कर्नलला मिळून एकच मोठे लॉक होते, त्याला ‘बिग कर्नल लॉक’ म्हणत. ते नक्की कोणत्या डेटाची राखण करते हे कोठेच ठरलेले नव्हते. ते कोडच्या भागांभोवती गुंडाळलेले होते. त्यामुळे ते काढायचे ठरल्यावर, या जागी याची गरज कशासाठी होती, हा शोध फाइलगणिक घ्यावा लागला, आणि त्याचा शेवटचा अवशेष २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत गेला. लॉक डेटाचे असते, फंक्शनचे नसते. म्हणून स्ट्रक्चरमध्ये लॉक जाहीर करतानाच त्याच्या शेजारी टिप्पणी लिहावी की, हे लॉक अमुक-अमुक फील्डची राखण करते. हे एक वाक्य लिहिता येत नसेल, तर लॉकची निवड करण्याची वेळ अजून आलेली नाही.

लॉकची निवड

येथे फार घोळ घालू नये. ज्या डेटाला हात लावणारे सगळेजण झोपू शकतात, म्हणजे शेड्यूलरला प्रोसेसर सोडून देऊ शकतात, त्या डेटासाठी म्यूटेक्स, म्हणजे मिळेपर्यंत मागणाऱ्याला झोपवून ठेवणारे लॉक, घ्यावा. त्यांपैकी एकजण जरी इंटरप्टमध्ये किंवा टायमरमध्ये चालत असेल तर स्पिनलॉक (न झोपता जागीच फिरत वाट पाहायला लावणारे लॉक) घ्यावा, कारण तेथे झोपायला जागा नसते. सवयीने सगळीकडे स्पिनलॉक लावणारे बरेच दिसतात. सेन्सर आयटूसी बसवर (लहान चिप जोडणारी दोन तारांची जोडणी) असेल तर त्याच्याशी बोलणेच मुळी झोपू शकते, त्यामुळे ते काम थ्रेडेड इंटरप्ट हँडलरमध्ये (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणाऱ्या, म्हणून झोपू शकणाऱ्या) जाते, आणि तेथे म्यूटेक्सच योग्य ठरतो.

आपल्या उदाहरणात वेगाच्या सेटिंगला सिसएफएस आणि रीड कॉल एवढेच हात लावतात, तिला म्यूटेक्स. रांगेला मात्र इंटरप्ट हँडलर हात लावतो. तिला स्पिनलॉक, आणि रीड कॉलच्या बाजूने तो ‘स्पिन लॉक आयआरक्यूसेव्ह’ या रूपात घ्यायचा. कारण समजून घ्यावे. रीड कॉलने साधा स्पिनलॉक घेतला आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर तेच लॉक मागत फिरत राहील. लॉक सोडणारा कोड त्याच कोअरवर हँडलर संपण्याची वाट पाहत थांबलेला असेल. आणि तो कोअर कायमचा ठप्प होईल. म्हणून लॉक हातात असेपर्यंत त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. ‘आयआरक्यूसेव्ह’ आधीची स्थिती जपून ठेवतो आणि तीच परत आणतो; नुसता ‘आयआरक्यू’ प्रकार शेवटी इंटरप्ट बेधडक चालू करतो, त्यामुळे आपण येथे पोहोचताना ते चालूच होते याची पक्की खात्री असेल तेथेच तो वापरावा.

आता रीड फंक्शन जवळून पाहू, कारण चूक येथेच होते. सहज सुचणारा कोड असा असतो: लॉक घ्या, रांगेतून नमुना काढा, ‘कॉपी टू यूझर’ने तो प्रोग्रामच्या बफरमध्ये टाका, लॉक सोडा. वाचायला तो स्वच्छ वाटतो आणि चाचणीत बहुतेक वेळा चालतोही. परंतु प्रोग्रामचे ते पान मेमरीत नसेल तर ‘कॉपी टू यूझर’ पान आणण्यासाठी झोपू शकतो, आणि आपल्या हातात स्पिनलॉक आहे व इंटरप्ट बंद आहेत. योग्य रचना अशी की, लॉकच्या आत नमुने आपल्याच स्टॅकवरील लहान ॲरेमध्ये काढून घ्यावेत, लॉक सोडावे, आणि मग ते प्रोग्रामला द्यावेत. मेमरी मागण्याचेही तसेच आहे: जीएफपी कर्नल (गरज पडल्यास झोपून मेमरी मिळवणारी) ही खूण देऊन स्पिनलॉकच्या आत मेमरी मागू नये, ती लॉकच्या आधी मागून ठेवावी. जीएफपी अ‍ॅटॉमिक हा न झोपणारा पर्याय असतो, पण तो अपयशी ठरण्याची शक्यता जास्त असते. ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ चालू असेल तर अशा जागी ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ हा इशारा पान खरोखर गैरहजर नसतानाही मिळतो. त्या पर्यायाचे मोल त्यातच आहे.

आणखी दोन सूचना थोडक्यात. चुकीच्या वाटेने फंक्शनमधून बाहेर पडताना लॉक सोडायचे राहून जाऊ नये, यासाठी ६.५ पासून (२०२३) कर्नलमध्ये ‘गार्ड’ हा मॅक्रो आहे; तो व्याप्ती संपली की लॉक आपोआप सोडतो, नव्या कोडमध्ये तो जरूर वापरावा. आणि स्पिनलॉक घेतला म्हणजे प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देणे) बंद झाले, असे गृहीत धरून दुसरे काही उभारू नये: २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये पूर्ण झालेल्या रिअल-टाइम पर्यायात साधा स्पिनलॉक झोपू शकणारे लॉक बनतो.

दोन लॉक एकत्र आले की

एका फंक्शनने आधी म्यूटेक्स क आणि मग म्यूटेक्स ख घेतला, दुसऱ्याने आधी ख आणि मग क घेतला, तर दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. उपाय सर्वांना ठाऊक असतो: सगळ्यांनी एकाच क्रमाने लॉक घ्यावीत. हा क्रम कोठेतरी लिहिलेला असावा लागतो हे मात्र ध्यानात राहत नाही. कर्नलच्या मेमरी विभागातील आरमॅप या फाइलीच्या डोक्यावर कोणते लॉक कोणाच्या आत घ्यायचे याची उतरंड टिप्पणीत मांडलेली आहे. ती एकदा उघडून पाहावी आणि आपल्या ड्रायव्हरमध्ये दोनापेक्षा अधिक लॉक असतील तर तशीच टिप्पणी लिहावी.

क्रम मोडला आहे का हे तपासण्याचे काम लॉकडेप करतो; ‘प्रूव्ह लॉकिंग’ने चालू होते ती हीच तपासणी. इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन डी व्हेन यांनी तो लिहिला आणि २००६ मध्ये, २.६.१८ या आवृत्तीत तो आला. गाठ प्रत्यक्ष बसण्याची तो वाट पाहत नाही. क हातात असताना ख घेतला, हे त्याने एकदा पाहिले की तो नोंद करतो. नंतर केव्हाही, अगदी तासाभराने, दुसऱ्याच थ्रेडने ख हातात असताना क मागितला की लगेच ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड’ असा अहवाल देतो. इंटरप्टमध्ये घेतले जाणारे लॉक दुसरीकडे इंटरप्ट चालू ठेवून घेतले गेले, तर ‘इनकन्सिस्टन्ट लॉक स्टेट’ असा अहवाल येतो. वर सांगितलेली ‘आयआरक्यूसेव्ह’ची चूक तो अशा रीतीने पकडतो.

लॉकडेपचे अहवाल वाचताना दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे, पहिल्या अहवालानंतर तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणून बूट होताना दुसऱ्याच कोणाच्या ड्रायव्हरचा अहवाल आलेला असेल, तर आपला कोड निर्दोष असल्याचा भास होतो. दुसरी गोष्ट अशी की, तो एकेका लॉककडे स्वतंत्रपणे न पाहता वर्गाकडे पाहतो. एकाच जागी इनिशियलाइज झालेली सगळी लॉक त्याच्या लेखी एकाच वर्गातली. त्यामुळे पालक उपकरणाचे लॉक हातात असताना त्याच जातीच्या बालक उपकरणाचे लॉक घेतले तर तो ‘रिकर्सिव्ह लॉकिंग’ची तक्रार करतो. तेथे ‘म्यूटेक्स लॉक नेस्टेड’ने पातळी सांगता येते, पण आधी आपला पालक-बालक क्रम खरोखर पक्का आहे की नाही हे पाहावे. तक्रार गप्प करण्यासाठी ही सोय वापरली गेलेली पाहिली की मला वाईट वाटते, कारण तो अहवाल बऱ्याचदा खरा असतो.

‘हे फंक्शन लॉक हातात असतानाच बोलवावे’ अशी नुसती टिप्पणी लिहिण्यापेक्षा फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘लॉकडेप अझर्ट हेल्ड’ लिहावे. टिप्पणी कोणी तपासत नाही, ही ओळ मात्र प्रत्येक वेळी तपासली जाते.

क्रम कोण मोडतो

येथपर्यंत सगळे काही लॉकच्या आत होते, आणि तोवर मेमरीच्या क्रमाची चिंता करावी लागत नव्हती. याचे कारण असे की, लॉक घेण्याच्या क्रियेला ‘अक्वायर’चा आणि सोडण्याच्या क्रियेला ‘रिलीज’चा गुण असतो: आतली वाचने-लेखने बाहेर निसटत नाहीत, आणि आधीच्या धारकाने लॉक सोडण्यापूर्वी जे लिहिले ते पुढच्या धारकाला दिसते. बाहेरच्या ओळी मात्र आत सरकू शकतात, म्हणून लॉक घेणे व सोडणे यांना पूर्ण बॅरिअर (आधीच्या व नंतरच्या मेमरी क्रियांची अदलाबदल होऊ न देणारी ओळ) समजू नये. लॉकच्या बाहेर सामायिक डेटाला हात लावला, की पुढचे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात.

पहिला क्रम मोडणारा कंपायलर. ‘तयार’ नावाचे साधे चल शून्य आहे तोवर फिरत राहा, असा लूप लिहिला, तर कंपायलर ते चल एकदाच वाचून लूप अनंत करून टाकू शकतो, आणि भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचे काही चुकत नाही. तो एकच वाचन दोनदा करू शकतो, दोन लेखनांची अदलाबदल करू शकतो. म्हणून लॉकशिवाय वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक सामायिक चलावर ‘रीड वन्स’ आणि ‘राइट वन्स’ वापरावे. त्यामुळे वाचणाऱ्या माणसालाही कळते की येथे लॉक नाही आणि ते जाणूनबुजून नाही.

दुसरा क्रम मोडणारा प्रोसेसर, आणि त्याला ‘रीड वन्स’ पुरत नाही. कोअरने केलेले लेखन थेट कॅशमध्ये जात नाही. ते आधी त्या कोअरच्या स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये थांबते. चेक लिहून दिला की आपल्या वहीत पैसे खर्ची पडतात, पण तो वटेपर्यंत समोरच्याच्या खात्यात काही दिसत नाही, तसेच हे आहे. लिहिणाऱ्या कोअरला आपले लेखन लगेच दिसते, इतरांना थोड्या वेळाने. पुढील चार क्रिया पाहाव्यात. सुरुवातीला क आणि ख दोन्ही शून्य आहेत.

कोअर ०: क = १; नंतर र१ = ख;
कोअर १: ख = १; नंतर र२ = क;

कोणत्याही क्रमाने ओळी गुंफल्या तरी र१ आणि र२ दोन्ही शून्य येऊ नयेत, असे आपली बुद्धी सांगते. प्रत्यक्षात इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवरही दोन्ही शून्य येतात, कारण दोन्ही लेखने आपापल्या बफरमध्ये अडकलेली असताना दोन्ही वाचने उरकलेली असतात. पीटरसनची पद्धत मोडते ती नेमकी याच ठिकाणी. एक्स८६ घराण्यात साध्या मेमरीपुरती एवढी एकच सैल जागा आहे: आधीचे लेखन मागे राहून नंतरचे वाचन पुढे जाऊ शकते. आर्ममध्ये मात्र दोन लेखने आपसांत, दोन वाचने आपसांत, आणि वाचन-लेखनही जागा बदलू शकतात. म्हणूनच ‘माझ्या लॅपटॉपवर चालते’ या विधानाला या विषयात फारशी किंमत नाही.

जोड्या लावणे

नेहमी लागणाऱ्या जोड्या दोनच आहेत. पहिली निरोपाची जोडी: एकजण डेटा भरतो आणि ‘तयार’ची खूण उभी करतो; दुसरा खूण पाहून डेटा वाचतो. भरणाऱ्याने खूण ‘एसएमपी स्टोअर रिलीज’ने लिहावी, वाचणाऱ्याने ती ‘एसएमपी लोड अक्वायर’ने वाचावी. ६४ बिटी आर्मवर यांच्यासाठी स्वतंत्र सूचना आहेत. एक्स८६ वर साधी लोड-स्टोअर सूचनाच पुरते आणि फक्त कंपायलरला आवर घातला जातो. आपली नमुन्यांची रांग अशी बांधता येते: हँडलर नमुना लिहून पुढचे टोक रिलीजने सरकवतो, वाचक ते टोक अक्वायरने वाचतो, आणि जागा रिकामी झाल्याचे कळवणारे मागचे टोक तितक्याच काळजीने उलट दिशेने पाठवतो. पण ही रचना एक लेखक आणि एक वाचक एवढ्यापुरतीच खरी आहे. उपकरणाची फाइल दोन प्रोग्राम एकाच वेळी उघडू शकतात हे कागदावर लिहिले असेल, तर वाचकांमध्ये आपसांत म्यूटेक्स लागेल हे लगेच दिसते. कर्नलमधील तयार रांगेला, म्हणजे केफिफोलाही, हीच अट आहे. माझा सल्ला असा की, आधी स्पिनलॉकची आवृत्ती लिहावी, मोजमापात तेच लॉक अडथळा ठरत असल्याचे दिसले तरच इकडे वळावे, आणि तेव्हाही स्वतःची रांग न बांधता केफिफो घ्यावा.

दुसरी जोडी झोप आणि जाग यांची. वर दिलेल्या चार क्रियांचेच हे खरे रूप आहे, आणि ते समजले की अर्धा विषय समजला. रांग रिकामी असेल तर रीड कॉल झोपतो. हँडलर नमुना टाकून त्याला उठवतो. झोपणारा आधी ‘मी झोपणार आहे’ असे लिहितो आणि मग रांगेत काही आहे का ते वाचतो. उठवणारा आधी रांगेत नमुना लिहितो आणि मग कोणी झोपले आहे का ते वाचतो. दोघांचेही लेखन बफरमध्ये राहून वाचन पुढे गेले, तर झोपणाऱ्याला रांग रिकामी दिसते, उठवणाऱ्याला झोपलेला कोणी दिसत नाही, आणि रीड कॉल पुढच्या इंटरप्टपर्यंत पडून राहतो. तो नमुना शेवटचा असेल तर कायमचा. येथे अक्वायर-रिलीज पुरत नाही, दोन्ही बाजूंना लेखन आणि वाचन यांच्यामध्ये पूर्ण बॅरिअर हवा. ‘वेट इव्हेंट इंटरप्टिबल’ आणि ‘वेक अप’ ही जोडी सरळ वापरली तर ही काळजी तीच घेते. घोटाळा होतो तो वेग वाचवण्यासाठी कोणीतरी ‘वेक अप’च्या आधी ‘वेटक्यू अ‍ॅक्टिव्ह’ची तपासणी घालतो तेव्हा: कोणी वाट पाहतच नसेल तर उठवायचे कशाला, असा विचार त्यामागे असतो. ती तपासणी लॉकशिवाय होते, त्यामुळे तिच्या आधी ‘एसएमपी एमबी’ हा पूर्ण बॅरिअर लागतोच. या ओळी वाचताना थांबून जोडीदार शोधण्याची सवय लावून घ्यावी.

अ‍ॅटॉमिक (मध्ये न तुटता एका दमात होणाऱ्या) क्रियांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो: अ‍ॅटॉमिक म्हणजे क्रमही सांभाळला गेला. तसे नाही. ‘अ‍ॅटॉमिक इंक’ किंवा ‘सेट बिट’ यांसारख्या काही परत न देणाऱ्या क्रिया कोणताही क्रम राखत नाहीत. ‘अ‍ॅटॉमिक इंक रिटर्न’ किंवा ‘टेस्ट अँड सेट बिट’ यांसारख्या, बदल करून मूल्य परत देणाऱ्या क्रिया दोन्ही बाजूंना पूर्ण क्रम राखतात. ‘सेट बिट’ने खूण उभी करून डेटा पोहोचला असे समजणारा कोड म्हणूनच एक्स८६ वर चालतो आणि आर्मवर केव्हातरी मोडतो.

प्रत्येक बॅरिअरच्या वर टिप्पणी हवी, आणि तिच्यात दोन गोष्टी हव्यात: कोणत्या दोन क्रियांमध्ये क्रम राखायचा आहे, आणि याचा जोडीदार कोणत्या फंक्शनमध्ये आहे. टिप्पणी नसेल तर पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्टही तक्रार करते.

पटवून घेणे

वरील विधानांवर केवळ विश्वास ठेवू नये. कर्नलच्या झाडात टूल्सखाली मेमरी-मॉडेल ही डिरेक्टरी आहे; २०१८ मध्ये ४.१७ बरोबर ती आली. तिच्यात कर्नलच्या मेमरी नियमांचे गणिती रूप आहे, आणि हर्ड७ हे साधन त्या रूपावर लहान लहान चाचण्या चालवून पाहते. वरच्या चार क्रिया ‘राइट वन्स’ आणि ‘रीड वन्स’ने लिहून दोन्ही शून्य येतात का असे विचारले तर उत्तर येते ‘समटाइम्स’. एका बाजूला ‘एसएमपी एमबी’ घातला तरी ‘समटाइम्स’. दोन्ही बाजूंना घातला की ‘नेव्हर’. एकट्या बॅरिअरचा उपयोग का नसतो, हे या तीन ओळींच्या उत्तरांनी जितके ठसते तितके माझ्या कोणत्याही समजावणीने ठसलेले नाही. म्हणून आमच्या गटात हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे असते.

खऱ्या कोडसाठी केसीसॅन आहे, तो २०२० मध्ये ५.८ बरोबर आला. तो एखाद्या मेमरीच्या जागेवर पाळत ठेवून क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात दुसरा कोणी लॉकशिवाय तेथे आला तर दोघांचे स्टॅक छापतो. असा अहवाल आला की घाईने ‘रीड वन्स’ लावून तो मिटवू नये. आधी ठरवावे की येथे लॉक राहिले आहे, की क्रम राहिला आहे, की ही केवळ आकडेवारीची मोजणी आहे आणि थोडी चूक चालेल. शेवटच्या प्रकारासाठी ‘डेटा रेस’ हा वेगळा मॅक्रो आहे.

ड्रायव्हर काढताना

कागदावरील यादीत रिमूव्ह फंक्शन लिहिले होते, त्याचा हिशेब आता पुरा करावा. क्रम असा: आधी उपकरणाला नवे इंटरप्ट देण्यापासून थांबवावे, मग ‘फ्री आयआरक्यू’ बोलवावे, ते दुसऱ्या कोअरवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत परत येत नाही, मग ‘कॅन्सल वर्क सिंक’ने वर्कक्यूतले काम थांबवावे, आणि त्यानंतरच रांगेची मेमरी मोकळी करावी. इंटरप्ट ‘डेव्हएम’ प्रकाराने (उपकरण जाताना आपोआप सोडवणूक करणाऱ्या) मागितलेला असेल तर तो रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतो, हे विशेष सांभाळावे: रिमूव्हमध्ये आपण हाताने मेमरी मोकळी केली आणि इंटरप्ट अजून जिवंत आहे, अशी अवस्था त्यातून येते. अशा वेळी मेमरीही ‘डेव्हएम’नेच, आणि इंटरप्टच्या आधी मागावी, सोडवणूक उलट क्रमाने होत असल्याने ती नंतर सुटते. ‘कॅन्सल वर्क सिंक’ बोलवताना ते काम जे लॉक घेते ते आपल्या हातात असू नये, नाहीतर दोघे एकमेकांची वाट पाहतील. लॉकडेप हेही पकडतो. आणि एखाद्या प्रोग्रामने फाइल अजून उघडी ठेवली असेल, तर स्ट्रक्चरचे आयुष्य ‘केरेफ’ या संदर्भ मोजणाऱ्या सोयीने मोजावे: रिमूव्हने आपला संदर्भ सोडावा, ‘बंद’ची खूण लॉकच्या आत उभी करावी, झोपलेल्या वाचकांना उठवावे, आणि शेवटची फाइल बंद होईल तेव्हा मेमरी जाऊ द्यावी. उठलेल्या वाचकाने तीच खूण त्याच लॉकच्या आत पाहून ‘उपकरण नाही’ ही त्रुटी परत द्यावी.